सीरमला ‘लस’ म्हणायचं का?

पानगळ: प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसावरचा लेख अनुवादित करतेय. ‘सीरम’ला मी ‘लस’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. ‘लसविरहित माध्यम’ (माध्यम म्हणजे पेशी ज्यात वाढवतात तो पोषक द्रव) वाचून लोकांना लसीकरणच आठवेल, म्हणतात. इथे विषय आहे गाभण गाय कापल्यावर गर्भाच्या रक्तापासून मिळणाऱ्या द्रवाचा. पेशी त्याच्याशिवाय वाढवायच्या आहेत. काय लिहू?

तिफण: लसच ठेवा. खरचटल्यावर येते ती लस. देवी टोचताना फोडातला द्रव वापरत, तिथून टोचायच्या औषधाला हे नाव लागलं असणार. मूळ अर्थ आपण का सोडायचा?

बखर: व्युत्पत्ती पटते, पण वाचक व्युत्पत्ती वाचत नाही. ‘रक्तजल’ लिहा.

तिफण: मग शाळेतलं ‘रक्तद्रव्य’ काय वाईट?

काचनळी: ते प्लाझ्मा हो, रक्तातल्या पेशी वगळून उरणारा द्रव. रक्त गोठल्यावर गुठळी काढून उरतं ते सीरम, त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बनवणारं प्रथिन, उरत नाही. मी पेशी वाढवते. आम्ही सगळे सीरमच म्हणतो, माध्यमात साधारण १० टक्के घालतो. वाढीचे घटक, अल्ब्युमिन आणि ट्रान्सफेरिन ही प्रथिनं, सगळं त्यातच येतं, म्हणून ते काढलं की एकेक घटक मोजून घालावा लागतो. त्यातला एफजीएफ-२ हा वाढीचा घटक तर ३७ अंशांना लवकर निकामी होतो. पेशीही एकदम सरावत नाहीत, सीरम हळूहळू कमी करत न्यावं लागतं. बाळाचं दूध तोडतात तसंच.

पानगळ: ‘सीरम तोडणं’! हे मी घेणार.

बखर: घ्या, पण ‘सीरममुक्त’ लिहू नका. कर्जमुक्त, व्यसनमुक्त, ‘मुक्त’ आलं की आधीची गोष्ट वाईट ठरते. ‘बिनसीरमचं माध्यम’ म्हणा. बिनसाखरेचा चहा म्हणतोच ना आपण?

तिफण: वाईट ठरू दे की! गर्भाचं रक्त काढणं वाईटच आहे. २०१३मध्ये लंडनला शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांचा प्रयोगशाळेतल्या मांसाचा बर्गर दाखवला, त्याच्या पेशीही याच सीरमवर वाढवलेल्या होत्या. कत्तल टाळायला निघालेलं मांस कत्तलीवरच उभं. तिथे ‘मुक्त’ हाच शब्द हवा.

काचनळी: भावना समजते, पण तुम्ही दोन गोष्टी एक करताय. सीरम नसलेल्या माध्यमातही गाईच्या रक्तातून वेगळं केलेलं अल्ब्युमिन असू शकतं. तेही टाळायचं तर सूक्ष्मजीवांकडून वगैरे बनवून घेतलेलं प्रथिन लागतं. पानगळताई, मूळ लेखात नक्की कोणता दावा आहे ते आधी बघा. ‘बिनसीरमचं’ आणि ‘प्राणिज घटक नसलेलं’ यांची अदलाबदल झाली तर अनुवाद खोटा ठरेल.

बखर: आणि ‘प्राणिज घटक नसलेलं’ हे माध्यमाचं विशेषण राहू द्या, मांसाला लावू नका. पेशी प्राण्याचीच आहे.

तिफण: मग त्या मांसाला ‘अहिंसक’ म्हणता येईल का?

बखर: पेशी काढायला बरेचदा जिवंत जनावराला सुई टोचतात.

तिफण: सुई टोचणं हिंसा असेल तर लस देणंही हिंसाच!

पानगळ: अहो, संपादकांना सोमवारी द्यायचंय. रक्तजल की सीरम?