मदत हवी आहे: जीएसटी मोजणारा कोड चार ठिकाणी आहे, एकत्र केला तर आकडे जुळत नाहीत

अर्धविराम (धागाकर्ता)

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कर मोजणारा कोड चार ठिकाणी आहे. सरळ कॉपी-पेस्ट, फक्त व्हेरिएबलची नावं वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले, तेव्हा चारही ठिकाणी हात घालावा लागला. पुन्हा तसं नको म्हणून एकच फंक्शन केलं आणि सगळीकडून तेच बोलावलं. मागची बिलं त्यातून काढून पाहिली तर काहींत १ पैशाचा फरक, काहींत १० पैशांचा, आणि क्रेडिट नोटमध्ये १ रुपयाचा. प्रत्येक फरकासाठी एक फ्लॅग वाढवला. आता फंक्शनला सात पॅरामीटर आहेत, त्यातले चार बूलियन (हो/नाही). ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचा रिटर्न) भरायचा आहे. चारही ठिकाणी चालेल असं राउंडिंग कोणतं, तेवढं सांगा. थिअरी नको, प्लीज.

सह्याद्री_जावा

भाषा कोणती? पैसे डबलमध्ये (बायनरीतला जवळपासचा आकडा) आहेत की डेसिमलमध्ये (नेमका दशांश)? फरक सगळ्या बिलांत येतो की ठरावीक बिलांतच? एवढं कळल्याशिवाय राउंडिंग सांगणं म्हणजे अंदाजपंचे. तोवर एक करा: रक्कम डबलमध्ये असेल तर बिगडेसिमलमध्ये (जावातला नेमक्या दशांशाचा प्रकार) आणा आणि तो बनवताना डबल नका देऊ, स्ट्रिंग द्या. डबलमधला ०.१ थेट दिला की शेपटीला पन्नासएक अंक चिकटतात आणि पुढचं सगळं राउंडिंग त्या शेपटीवर ठरतं.

मनमोकळा

चार कॉपी म्हणजे कॉमन क्लास करून जार (जावाची लायब्ररी फाइल) बनवा, प्रश्न मिटला. डुप्लिकेशन पूर्ण काढल्याशिवाय सुटका नाही.

अर्धविराम

जार चालणार नाही. चारातल्या दोनच जावात आहेत (बिल आणि क्रेडिट नोट). एक बिलाच्या स्क्रीनवर जावास्क्रिप्टमध्ये आहे, माल टाकताना एकूण रक्कम दिसते ती. चौथी मायएसक्यूएलच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड), महिन्याच्या रिपोर्टसाठी. हे लिहायचं राहिलं.

सह्याद्री_जावा

मग अर्धं उत्तर इथेच आहे. तीन भाषांची राउंडिंगची रीत एक नाही. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला टू-फिक्स्ड लावून दोन दशांश मागा, १.०० मिळेल, कारण तो आकडा बायनरीत १.००५ पेक्षा किंचित कमी साठतो. मायएसक्यूएलचं राउंड डेसिमलवर अर्ध्याला शून्यापासून लांब ढकलतं: २.५ चे ३. तोच २.५ डबल असेल तर काम सी लायब्ररीकडे जातं आणि बहुतेक यंत्रणांवर २ येतो. प्रोसिजरमध्ये व्हेरिएबल कसं डिक्लेअर केलंय ते बघा.

१ रुपयाच्या फरकासाठी क्रेडिट नोटचा कोड उघडा. शेवटची रक्कम रुपयात आणताना मॅथ.राउंड वापरलंय का?

बॅचजॉब

दरांचं टेबल प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसमधून वाचत असाल तर ते आधी कॅशमध्ये टाका. रेडिसमध्ये एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड) ही की ठेवा, मुदत २४ तास द्या. हजार ओळींच्या बिलाला खूप फरक पडतो.

अर्धविराम

@बॅचजॉब, वेगाची काहीच अडचण नाही.

@सह्याद्री_जावा, हो! क्रेडिट नोटमध्ये मॅथ.राउंड आहे, बिलात बिगडेसिमल आणि हाफ-अप. पण दोन्ही अर्ध्याला वरच नेतात ना? आणि प्रोसिजरमध्ये डबल आहे.

सह्याद्री_जावा

अधिक आकड्यांसाठी हो. तुमच्या क्रेडिट नोटच्या रकमा उणे चिन्हाने साठत असणार. मॅथ.राउंड अर्ध्याला उणे अनंताकडून अधिक अनंताकडे सरकवतं, म्हणजे उणे ११८०.५० चे उणे ११८० होतात. बिगडेसिमलचं हाफ-अप चिन्ह बघत नाही, ते शून्यापासून लांब जातं: उणे ११८१. बिल ११८१ चं, परतावा ११८० चा, ग्राहकाच्या खात्यात १ रुपया लोंबकळत राहतो. उपाय: क्रेडिट नोटमध्ये रक्कम अधिकच ठेवा, मोजणी पूर्ण करा, चिन्ह खतावणीच्या वेळी लावा.

खातेवही

अकाउंटिंगच्या बाजूने सांगतो, कारण सगळे राउंडिंगवर अडकलेत. १ पैसा आणि १० पैसे हे दोन वेगळे रोग आहेत.

१ पैशाचा: ५ टक्के दराची १००.१० ची ओळ घ्या. एकूण कर काढला तर ५.००५, म्हणजे ५.०१. अडीच-अडीच टक्के वेगळे काढले तर २.५०२५, म्हणजे २.५० आणि २.५०, बेरीज ५.००. सीजीएसटी (केंद्राचा अर्धा) आणि एसजीएसटी (राज्याचा अर्धा) वेगळे काढणंच बरोबर. ५.०१ चे दोन सारखे भाग पडत नाहीत, मग एका बाजूला २.५१ लिहावं लागतं.

१० पैशांचा: १०.०५ च्या दहा ओळी, दर १८. ओळीवार सीजीएसटी ०.९०४५, म्हणजे ०.९०, दहा ओळींचे ९.००. तेच १००.५० वर एकदम काढलं तर ९.०४५, म्हणजे ९.०५. एसजीएसटीतही तेवढेच, एकूण १० पैसे. कुठल्या कॉपीत ओळीवार आहे आणि कुठल्या कॉपीत बिलावर?

अर्धविराम

जावाच्या दोन्हीत ओळीवार, बाकी दोन्हीत बिलावर.

मनमोकळा

कलम १७० प्रमाणे ५० पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया. प्रत्येक ओळीचा कर रुपयातच काढा, पैशांचा प्रश्नच राहणार नाही.

खातेवही

@मनमोकळा, असं करू नका. ते कलम कायद्याखाली देय होणाऱ्या रकमेबद्दल आहे, बिलातल्या ओळीबद्दल नाही. दहा ओळींत ४९-४९ पैसे उडाले तर बिलात जवळपास पाच रुपयांची तफावत येईल. ओळीवर पैशापर्यंत, बिलाच्या शेवटी 'राउंड ऑफ' अशी वेगळी ओळ, आणि तिचं वेगळं खातं.

शून्यशेष

अर्धविराम, तुमचा मूळ प्रश्नच बदलायला हवा. 'चारही ठिकाणी चालेल असं राउंडिंग कोणतं' असं विचारताय, पण चारही ठिकाणी मोजायची गरज आहे का, हे कोणी विचारलेलं नाही. सारखा दिसणारा कोड म्हणजे सारखंच काम, असं धरून तुम्ही तो जोडला. म्हणून फ्लॅग वाढले. चार बूलियन म्हणजे १६ वाटा, आणि त्यातल्या बहुतेक वाटांवरून कधीच कोणी जाणार नाही.

एकेक बघू.

रिपोर्टने कर मोजायचाच नाही. बिल करताना जो आकडा ठरला तो बिलाच्या ओळीत साठवा आणि रिपोर्टमध्ये फक्त बेरीज करा. जीएसटीआर-१ मध्ये जातं ते ग्राहकाच्या हातातल्या बिलाशी जुळलं पाहिजे, आज नव्याने मोजलेल्याशी नाही.

क्रेडिट नोटनेही दर शोधायचा नाही. ती कलम ३४ खाली मूळ बिलाशी बांधलेली असते. ऑगस्ट २०२५ चं २८ टक्क्यांचं बिल, माल ऑक्टोबरमध्ये परत, तर कर २८ नेच कमी होणार. आजच्या तारखेचा दर काढणाऱ्या फंक्शनला क्रेडिट नोट जोडलीत की उत्तर चुकणारच, राउंडिंग कितीही बरोबर असो. मूळ ओळ वाचा आणि तिच्यातलेच दर आणि रकमा घ्या.

स्क्रीनने सर्व्हरला विचारावं. टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी एक कॉल पुरतो. नेट नसताना बिल करायची सोय असेल तरच जावास्क्रिप्टमध्ये मोजणी ठेवा, आणि तीही पैसे पूर्णांकात धरून.

मग मोजणी राहते एकाच जागी. बाकी तीन कॉपी जोडायच्या नाहीत, काढून टाकायच्या आहेत.

कोकणकडा_डेव्ह

मांडणी पटली, पण सर्व्हर कॉलऐवजी कराचं वेगळं मायक्रोसर्व्हिसच करा ना. उद्या मोबाइल ॲपलाही लागेल.

शून्यशेष

एका फंक्शनसाठी वेगळं डिप्लॉयमेंट, वेगळे लॉग, टाइमआउट, आणि सर्व्हिस पडली तर बिलच निघणार नाही. त्याच सर्व्हरवर एक एंडपॉइंट द्या, मोबाइल ॲपही तोच वापरेल.

कोकणकडा_डेव्ह

टीम तीन-चार असतील तर वेगळं रिलीज करता येणं हा मोठा फायदा आहे. एकाच एंडपॉइंटला सगळे चिकटले की तोही गुंता होतो.

शून्यशेष

धाग्यात टीम किती ते आलेलंच नाही. ११ तारखेच्या आधी तरी नको.

अर्धविराम

दोनच जण आहोत. @शून्यशेष, अडचण अशी की बिलाच्या ओळीत कराची रक्कम साठतच नाही. किंमत, नग आणि दर एवढंच आहे, छपाईच्या वेळी मोजतो. जुन्या बिलांचं काय करू?

शून्यशेष

हे आधी सांगायला हवं होतं, सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. ओळीच्या टेबलात चार कॉलम वाढवा: करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा). डेसिमल (१५,२). जुन्या बिलांसाठी हे कॉलम *नव्या* कोडने भरू नका. ज्या कोडने बिल छापलं त्या जुन्याच कोडने एकदा भरा, आणि बेरीज महिनावार भरलेल्या जीएसटीआर-१ शी ताडून बघा. तुमचा रिपोर्ट बिलावर मोजत होता, छपाई ओळीवार होत होती, म्हणजे भरलेल्या रिटर्नमध्ये काही पैशांची तफावत आधीच असणार. ती लपवू नका, यादी करून सीएंना द्या.

नव्या मोजणीचे टप्पे वेगळे फंक्शन म्हणून लिहा. आधी राज्यांतर्गत की आंतरराज्य ते ठरवणं, मग तारखेनुसार दर, मग ओळीचा कर, शेवटी बिलाचं राउंड ऑफ. आधीच्या फंक्शनचं उत्तर पुढच्याला द्या, फ्लॅग कुठेच नको.

खातेवही

पहिल्या टप्प्यात एक खाच आहे. बरेच जण दोन्ही जीएसटीआयएनचे (जीएसटी नोंदणी क्रमांक) पहिले दोन अंक बघतात: २७ आणि २७, महाराष्ट्र, सीजीएसटी-एसजीएसटी. पण ग्राहक अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्र) असेल तर राज्य एकच असूनही तो पुरवठा आंतरराज्यच धरतात. ग्राहकाच्या मास्टरमध्ये सेझची खूण हवी आणि ती राज्याच्या तुलनेच्या *आधी* तपासायला हवी. शिवाय बिल एकाला आणि माल दुसरीकडे पाठवायचा असेल तर कुठला पत्ता धरायचा ते सीएंकडून लिहून घ्या, कोडमध्ये अंदाज नको.

सह्याद्री_जावा

दुसऱ्या टप्प्यातही आहे एक. दराच्या टेबलात 'लागू पासून' आणि 'लागू पर्यंत' या तारखा ठेवा, वेळ नको. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर २२ सप्टेंबरला पहाटे २ ला केलेलं बिल तिथे २१ सप्टेंबर रात्री ८.३० चं दिसतं आणि जुना दर लागतो. बिलाची तारीख भारतीय वेळेनुसार एकदा ठरवा, पुढे तीच तारीख पास करा. मोजणीच्या आत 'आत्ताची वेळ' विचारणारी एकही ओळ नको, नाहीतर टेस्टही लिहिता येणार नाहीत.

पिंपळपान

धाग्याशी थेट संबंध नाही, पण बिलाचा विषय निघालाय म्हणून: पीडीएफमध्ये मराठी नावं छापताना जोडाक्षरं तुटतात, वेलांटी अक्षरानंतर येते. आयटेक्स्ट वापरतो. कोणाला जमलंय का?

कोकणकडा_डेव्ह

@पिंपळपान, नुसता फॉन्ट देऊन होत नाही, अक्षरजोडणी करणारा भाग लागतो. आयटेक्स्टमध्ये तो वेगळं ॲड-ऑन म्हणून येतो. नाहीतर बिलाचं एचटीएमएल करून हेडलेस क्रोममधून पीडीएफ काढा, देवनागरी नीट येते.

अर्धविराम

दिशा कळली. पण हे करताना चालू असलेलं मोडलं नाही याची खात्री कशी करू? टेस्ट एकही नाही.

शून्यशेष

रिफॅक्टर करण्याआधी (कोडची मांडणी बदलण्याआधी) जुन्या कोडचं आजचं वागणं नोंदवा, बरोबर असो वा नसो. जीएसटीआर-१ भरलेल्या एका महिन्याची सगळी बिलं घ्या. त्यात नमुने कमी पडतील, म्हणून हे प्रकार मुद्दाम शोधून वाढवा: शून्य दराची ओळ, १०० टक्के सवलत, दशांशात वजन (१.२३५ किलो), सेझचा ग्राहक, २१ आणि २२ सप्टेंबर. जुन्या कोडचं उत्तर ओळीवार फाइलमध्ये लिहून ती रिपॉझिटरीत ठेवा. नवा कोड त्याच बिलांवर चालवा आणि फाइलींचा डिफ घ्या.

प्रत्येक फरकाला कारण मिळालं पाहिजे: अपेक्षित दुरुस्ती, किंवा नवी चूक. 'पैशाचा आहे, सोडून द्या' असा तिसरा कप्पा नको. आणि बिगडेसिमलची तुलना कंपेअर-टूने करा. इक्वल्सला २.५ आणि २.५० वेगळे वाटतात, विनाकारण शेकडो फरक दिसतील.

कमिटही वेगळे ठेवा. कोड हलवणारा एक, आकडे बदलणारा दुसरा. दोन्ही एकत्र केले की डिफ कशामुळे आला ते कळत नाही.

मनमोकळा

एवढं करण्यापेक्षा नवं लिहिणं सोपं.

सह्याद्री_जावा

नवं लिहिलं तरी ते जुळतंय का, हे तपासायला हीच फाइल लागेल.

अर्धविराम

ठरलं असं: या महिन्याचा रिटर्न रिपोर्टच्या आकड्यावर न भरता छापलेल्या बिलांच्या बेरजेवर भरतो. आधी कॉलम, मग रिपोर्टमधली मोजणी काढतो, मग क्रेडिट नोट. स्क्रीन शेवटी. एक राहिलं: अर्धाच माल परत आला तर? मूळ ओळीचा कर नगांनी भागला की पैसे उरतात.

खातेवही

तीन नगांवर सीजीएसटी १०.०० असेल आणि एकेक नग परत येत असेल तर ३.३३, ३.३३, आणि शेवटच्या नगाला उरलेले ३.३४. म्हणजे क्रेडिट नोट करताना त्या ओळीवर आधी किती परत दिलंय ते वाचावं लागेल. शेवटचा नग असेल तर भागाकार करायचा नाही, मूळ रकमेतून आधीचे परतावे वजा करायचे. दोघांनी एकाच वेळी क्रेडिट नोट केली तर दोघांनाही '३.३३' मिळेल, म्हणून मूळ ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने लॉक करा.

पिंपळपान

हेडलेस क्रोमने काम झालं, आभारी आहे. तुम्ही सगळे अशा कॉपी शोधता कशाने? आमच्याकडे किती आहेत तेही माहीत नाही.

सह्याद्री_जावा

पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलमधलं सीपीडी, ते कॉपी शोधतं. टोकनची (कोडमधले शब्द आणि चिन्हं) मर्यादा १०० पासून सुरू करा. ५० वर आणली की गेटर-सेटर आणि इम्पोर्टच भरपूर दिसतात. नावं बदलून केलेल्या कॉपी हव्या असतील तर आयडेंटिफायर आणि लिटरल दुर्लक्षित करायचे पर्याय चालू करा. एका वेळी एकच भाषा बघतं, त्यामुळे जावा आणि प्रोसिजरमधली जोडी त्याला कधीच सापडणार नाही. तिथे १८, ०.०९ असे आकडे आणि 'सीजीएसटी' हा शब्द सगळ्या रिपॉझिटरीत ग्रेप करा. कॉपी कुठून आली ते हवं असेल तर गिट ब्लेमला कॅपिटल 'सी'चा पर्याय दोनदा द्या, दुसऱ्या फाइलमधून उचललेल्या ओळीही मूळ कमिटसह दाखवतो.