प्रति: शब्दकोड्यात मधली अक्षरं माहीत असताना शब्द कसा शोधायचा?
'शब्दांची यादी संगणकावर घ्या आणि दर रिकाम्या घराला एक प्रश्नचिन्ह टाकून शोधा' असं वर सुचवलंय. इंग्रजीत ते चालतं, मराठीत फसतं. कोड्यात 'किंमत' तीन घरांत बसते, पण संगणक वेलांटी आणि अनुस्वार वेगळे धरून पाच मोजतो. 'स्त्री' तर एकाच घरात मावते आणि मोजणीत सहा भरते! तीन प्रश्नचिन्हांना 'किंमत' सापडणारच नाही.

आमच्याकडे सदाशिव पेठेत आई रोज सकाळी चहाबरोबर कोडं सोडवते. शब्दकोश पहिल्या अक्षराने लागतो, म्हणून तिने एका जुन्या डायरीत शेवटच्या अक्षरावरून शब्द लिहून ठेवलेत. 'ळ'चं पान गच्च भरलंय: वादळ, ओंजळ, कपाळ, तांदूळ, मृगजळ. पण मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, हे फार कामाला येतं. परवा 'पाणी', दोन अक्षरी, असं होतं. तिने 'जळ' लिहिलं. दुसऱ्या घरातून उभा शब्द सुरू होत होता, ते दिसताच 'ळ' खोडून 'ल' केला, आणि खाली 'लगबग' लगेच सुटला.