कोन ५० अंश, तरी मॅग्नेटोपॉजवर रिकनेक्शन का नाही?

मधुरा_के
एमएमएस या नासाच्या चार यानांच्या डेटातलं मॅग्नेटोपॉजचं (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सौर वाऱ्याकडची सीमा) एक क्रॉसिंग तपासते आहे. मॅग्नेटोशीथकडे (सीमेबाहेरचा, वेग मंदावलेला सौर वारा) चुंबकीय क्षेत्र ३० नॅनोटेस्ला, घनता दर घनसेंमी २०, तापमान आयनांचं २०० आणि इलेक्ट्रॉनांचं ४० इलेक्ट्रॉनव्होल्ट. पृथ्वीकडे क्षेत्र ५० नॅनोटेस्ला, बीटा (प्लाझ्माचा दाब ÷ चुंबकीय दाब) ०.१३. दोन क्षेत्रांमधला कोन ५० अंश. रिकनेक्शनमधून (चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळणं) निघणारा प्लाझ्माचा जेट दिसत नाही. गाइड फील्ड (दोन्ही बाजूंना समान असलेला क्षेत्राचा घटक) जास्त म्हणून रिकनेक्शन दबलं, असं म्हणता येईल का?

धारापटल
नाही. नुसत्या गाइड फील्डने रिकनेक्शन थांबत नाही. बीटा कमी असेल तर सौर वाऱ्यात बऱ्याच लहान कोनांनाही ते सापडतं. इथे अडवणारा आहे तो आरपार बदलणारा दाब. त्यातून डायमॅग्नेटिक ड्रिफ्ट (दाबातल्या फरकामुळे कणांचा आडवा प्रवाह) होतो, आणि गाइड फील्ड असलं की तो एक्स-रेषेला (जिथे चुंबकीय रेषा तुटून जुळतात) जेटच्याच दिशेने सरकवतो. हा वेग अल्फव्हेन वेगापर्यंत (चुंबकीय लहरींचा, साधारण जेटचाच वेग) गेला की जेट उभाच राहत नाही.

प्लाझ्मा शास्त्रज्ञ स्विसडॅक यांची अट अशी: बीटामधला फरक > २ × (थराची जाडी ÷ आयन जडत्व लांबी) × टॅन(कोन ÷ २) असेल तर रिकनेक्शन दबतं. आयन जडत्व लांबी म्हणजे ज्याहून लहान अंतरात आयन चुंबकीय क्षेत्राशी बांधलेले राहत नाहीत ते अंतर.

तुमचे आकडे घालू. शीथमधला प्लाझ्माचा दाब ०.७७ नॅनोपास्कल, चुंबकीय दाब ०.३६, म्हणजे बीटा २.१ आणि फरक २.०. जाडी एक आयन जडत्व लांबी धरली तर उजवी बाजू ०.९३. सरळ दबलेलं. याच प्लाझ्मात कोन ९० अंशांच्या वर गेला असता तर वाट मोकळी होती.

बुध आणि शनी पाहिले की हे पटतं. बुधाजवळ सौर वाऱ्याचं क्षेत्र जोरदार, शीथचा बीटा कमी, म्हणून मेसेंजर यानाला लहान कोनांनाही रिकनेक्शन दिसलं. शनीजवळ बीटा खूप मोठा, तिथे दोन क्षेत्रं जवळपास उलट दिशांना असावी लागतात.

सीमास्तर
गणित बरोबर आहे, पण जाडी धरून चालू नका, मोजा. घनता २० असताना आयन जडत्व लांबी २२८ ÷ √२० = ५१ किमी. क्रॉसिंगला किती वेळ लागला?

मधुरा_के
विद्युतधारेचा थर ४ सेकंद. चार यानांच्या वेळांवरून लंब दिशेचा वेग ४० किमी/सेकंद.

सीमास्तर
म्हणजे १६० किमी, ३.१ जडत्व लांब्या. मग उजवी बाजू २.९ होते, फरक २.० आहे, आणि अट लागूच होत नाही! अशा वेळी कारण वेगळं: थर अजून जाड आहे. टक्कररहित प्लाझ्मात तो साधारण एका आयन जडत्व लांबीपर्यंत दबल्याशिवाय जलद रिकनेक्शन सुरू होत नाही.

धारापटल
मात्र अटीतली जाडी म्हणजे दाब जेवढ्या अंतरात उतरतो ते अंतर. धारेचा थर त्याहून रुंद असू शकतो. दाब त्यातल्या १.५ सेकंदातच उतरला असेल तर ६० किमी, उजवी बाजू १.१, आणि पुन्हा दबलेलं. दाबाचा आलेख बर्स्ट (सर्वांत बारीक वेळेच्या) डेटावरून काढा: त्यात आयन दर १५० मिलिसेकंदांनी मिळतात. फास्ट सर्व्हे या जाडसर नोंदीत ४.५ सेकंदांनी, म्हणजे सगळं क्रॉसिंग जेमतेम एका बिंदूत संपेल.

सीमास्तर
आणि एक्स-रेषेच्या अगदी जवळून गेल्यास जेट दिसणार नाही, हेही तपासा. तिथे क्षेत्राचा लंब घटक शून्याजवळ येतो.