मुलं नाव विचारतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात

सुरवंटताई
महिन्यातून एकदा रात्री आम्ही वाचनालयाच्या मागे पांढरी चादर टांगतो, समोर दिवा लावतो आणि येतील ते पतंग मुलांना दाखवतो. गर्दी होते, तक्रार ती नाही. पण मूल येतं, मोबाईल पुढे करतं, ॲप नाव सांगतं, की झालं! पालक तर मोजत बसतात, "आज चौदा झाले." नाव कळलं की ओढ लागेल असं मला वाटायचं, इथे उलटंच चाललंय. त्यात गेल्या वेळी एकीने विचारलं, "हे दिव्याभोवती गोल का फिरतात?" मी ठोकून दिलं, "त्यांना तो चंद्र वाटतो." तीही गप्प बसली. घरी येऊन मलाच चुकल्यासारखं झालं. काय करावं?

रात्रपाळी
चंद्राची गोष्ट मीही कित्येक वर्षं सांगितली. २०२४ मध्ये संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवलं की उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळतं. दिवा बाजूला आला की पाठ तिकडे वळवताना अंग कलतं आणि गिरकी सुरू होते. उजेड खालून आला तर बिचारे उलटे होऊन आपटतात. मुलांना सांगू नका, करून दाखवा: दिवा जमिनीवर वर तोंड करून थोडाच वेळ ठेवा आणि कोण कसा पडतो ते बघायला लावा. अपवादही आहेत बरं का. त्याच संशोधनात कण्हेरीवरचा हिरवा पतंग दिव्यावरून सरळ निघून गेला होता.

जुना मास्तर
ताई, नावाला नावं ठेवू नका, नावाशिवाय वहीत नोंद कशी करणार? फक्त नाव शेवटी सांगा. आणि किल्ल्यांचा जुडगा न्या. दिव्याजवळ पतंग उडत असताना जोरात खुळखुळवा. काही पतंग एकदम वळतील, काही पंख मिटून धोंड्यासारखे खाली येतील. किल्ल्या एकमेकींवर आपटल्या की आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाजही निघतात आणि वटवाघळं शिकार करताना तसलेच आवाज काढतात. पतंगाला वाटतं, आला काळ! सगळ्यांना कान नसतात, त्यामुळे काही ढिम्म राहतील. कोण ढिम्म राहिलं याची नोंद मुलांकडूनच करून घ्या. माझ्या वर्गात यावरून भांडण लागलं होतं, चांगलं भांडण.

मातीखाली
कानांवरून आठवलं. डार्विनने गांडुळांना शिट्टी ऐकवली, मुलाकडून बासून नावाचं लांबलचक फुंकवाद्य वाजवून घेतलं, पियानोही ऐकवला. गांडुळं जागची हलली नाहीत. मग कुंड्या पियानोवर ठेवून एक स्वर वाजवला, तशी ती सुळकन बिळात! आवाज कळत नाही, पण हादरा कळतो. पतंग न येणाऱ्या थंडीत हा खेळ करता येईल, कुंडी आणि टेबल एवढं पुरे.

सुरवंटताई
मास्तर, काल किल्ल्या नेल्या. पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही आणि मुलं माझ्याकडे दयेने बघायला लागली. तिसऱ्यांदा एक तपकिरी पतंग चादरीपासून हातभरावर होता, तो पंख मिटून सरळ एका मुलाच्या चपलेवर. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही, मोबाईलही कुणी काढला नाही. मग ती मागच्या वेळचीच मुलगी म्हणाली, "पण याचे कान कुठे आहेत?" मी यावेळी ठोकून दिलं नाही. भिंग दिलं. तिने डोकं पाहिलं, मिशा पाहिल्या, पोट पाहिलं. बऱ्याच पतंगांचे कान मागच्या पंखाच्या मुळाशी छातीवर असतात हे मला माहीत होतं, तोंडाशी आलं होतं, गिळलं. कान काही सापडले नाहीत, तेवढ्यात पतंग उडाला. पुढच्या महिन्यात ती येताना घरचं मोठं भिंग आणणार आहे.