'रॉ' साउंडला मराठीत काय म्हणाल?

रानवारा
एका अंकासाठी 'पेइझाज दिवेर' या स्विस ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा एक काळोखा, कर्कश प्रकार) प्रकल्पावर लेख लिहिते आहे. प्रकल्प म्हणजे एकच माणूस, विंटहेर या नावाने वावरणारा. वाद्यं त्याची, गळा त्याचा, रेकॉर्डिंगही त्याचंच. गिटार इतकी खरखरीत की हिमवादळ कुठलं आणि तारा कुठल्या ते कळू नये. या 'रॉ' आवाजाला मी 'कच्चं ध्वनिमुद्रण' म्हटलं, तर संपादकांनी 'कच्चं म्हणजे अपुरं' असं म्हणून ते खोडलं. 'वन-मॅन'साठी लिहिलेलं 'एकपात्री'ही गेलं. काय लिहावं?

जुना पेणकर
संपादकांचं बरोबर आहे. कच्ची कैरी, कच्चा खर्डा, कच्ची वीट, सगळ्यांना पुढे काहीतरी व्हायचं असतं. गाण्यात तर 'कच्चा सूर' हा दोषच. मी 'भरड' सुचवेन. आमची आजी जात्यावर पीठ काढायची तसा भरडाही काढायची. भरडा हवा असला की जात्यात घास मोठा घालायची. भरडा म्हणजे बिघडलेलं पीठ नव्हे, तो तसाच हवा असतो.

फीतवाला
'तसाच हवा असतो' हे सरसकट खरं नाही. टास्कॅम कंपनीचा पोर्टास्टुडिओ हा रेकॉर्डर १९७९ साली आला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक (वेगवेगळे भरून एकत्र वाजणारे ध्वनीचे पट्टे) घरी भरता येऊ लागले. चार पुरले नाहीत की तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले पुन्हा वापरायचे. अशा प्रत्येक उतरवणीत टेपची सूंऽ वाढते, वरच्या पट्टीचा आवाज मंदावतो. डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडच्या १९९४ च्या अल्बमची सगळी वाद्यं त्यातल्या फेनरिझने एकट्याने अशाच फोर-ट्रॅकवर भरली, गळा तेवढा दुसऱ्याचा. हा आवाज आधी साधनातून आला, त्याची आवड नंतर जडली. आम्ही मेटल ऐकणारे सरळ 'रॉ' म्हणतो. कशाला भाषांतर करायचं?

शब्दवेल्हाळ
कारण देवनागरीत 'रॉ' वाचलं की निम्म्या वाचकांना गुप्तहेर संघटना आठवते. आणि अंक फक्त मेटलवाल्यांसाठी नाही.

खर्ज
फीतवाला, मुद्दामही होतं. 'बुर्झुम' या नॉर्वेतल्या अशाच एकट्याच्या प्रकल्पाच्या वर्ग विकर्नेसने १९९३ मध्ये गायनासाठी स्टुडिओतला सर्वांत वाईट माइक मागितला आणि शेवटी हेडसेटचा वापरला. (त्याला १९९४ मध्ये खुनाची शिक्षा झाली. नाव घेतो आहे ते केवळ माइकपुरतं.) चांगली साधनं हाताशी असताना ती नाकारली. म्हणजे 'घरगुती' हा 'रॉ'चा पर्याय होऊ शकत नाही.

जुना पेणकर
'घरगुती' तसाही नको. त्यात जिव्हाळा आहे, पाहुणचार आहे. या संगीतात माणसाने दार लावून घेतलेलं असतं.

शब्दवेल्हाळ
'एकपात्री'त समोर प्रेक्षक लागतो. यातले कित्येक जण कधी मंचावर येतच नाहीत. 'एकहाती' घ्या.

खर्ज
'एकहाती सामना जिंकून दिला' म्हणताना उरलेले दहा मैदानात असतातच. इथे संघच नाही. माझं मत 'एकांडा'. 'एकांडा शिलेदार' आठवा. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. स्वतःची गिटार, स्वतःचं यंत्र, स्वतःची खोली. याहून चपखल काय?

जुना पेणकर
सुंदर! 'एकांडा' हा 'एकांत'चाच भाऊ असावा असं मला फार वर्षं वाटतं.

शब्दवेल्हाळ
'त'चा 'ड' कसा झाला ते दाखवा, मग भाऊ म्हणा. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये. शिवाय आज 'एकांडा' म्हणजे कुणाशी न जुळणारा, असाही वास त्याला आहे.

खर्ज
मग तो वास इथे हवाच आहे.

फीतवाला
विंटहेर 'डार्कस्पेस' या बँडमध्येही आहे. त्याचं चारचौघांशी जुळतं. एकांडा म्हणून त्याच्या स्वभावाचा निवाडा करू नका. 'एकट्याचा प्रकल्प' लिहा, कुणालाही कळेल.

रानवारा
'एकट्याचा' पटतंय. पण 'कच्चं'वर परत येते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. १९९८ ते २०१३ पर्यंतच्या त्याच्या सगळ्या कलाकृतींना तो स्वतः 'डेमो' म्हणतो, म्हणजे पक्क्या अल्बमआधीचं चाचणीचं ध्वनिमुद्रण. 'इम वाल्ड' हा त्याचा पहिला अल्बम, दोन तासांचा, २०२० मध्ये आला. पेणकरकाका, मग तुमचा कच्चा खर्डाच झाला ना? पुढे काहीतरी व्हायचं होतं, आणि ते झालं.

जुना पेणकर
अल्बममध्ये आवाज तासून गुळगुळीत केला आहे का?

रानवारा
नाही. भरणी दाट आहे, वादळ तसंच आहे.

जुना पेणकर
मग तो खर्डा नव्हता. खर्डा पक्का करताना खाडाखोड जाते. डेमो हा शब्द मालकाचा आहे, भरड आवाजाचं वर्णन आपलं. दोन्ही एकाच शब्दात कोंबू नका.

शब्दवेल्हाळ
आणि 'डेमो'ला काय लिहिणार? 'नमुना' म्हटलंत तर मी धागा सोडून जातो.