अल्बेनियन चळवळीचा नकाशा: कोणत्या सीमा धरायच्या?

प्रश्न
१८७८ ते १९१३ मधल्या अल्बेनियन राष्ट्रीय चळवळीवरच्या मराठी लेखासाठी नकाशा हवा आहे. आजच्या अल्बेनियावर ठिकाणं टाकली तर प्रिझरेन कोसोव्होत जातं, मोनास्तीर (आजचं बितोला) उत्तर मॅसिडोनियात. अल्बेनियन वंशाच्या मदर तेरेसांचं जन्मगाव स्कोप्येही बाहेरच. काय चुकतंय?

उत्तर १
ठिकाणं बरोबर आहेत, खालचा नकाशा चुकलाय. त्या काळासाठी उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या विलायतींचा नकाशा घ्या. (विलायत म्हणजे इथे प्रांत, साहेबाचा देश नव्हे.) श्कोद्रा, कोसोव्हो, मोनास्तीर, यानिना या चार विलायती एक करून स्वायत्तता द्या, हीच तर चळवळीची मोठी मागणी होती. १० जून १८७८ ला अल्बेनियन पुढाऱ्यांची लीग (संघटना) भरली ते प्रिझरेन यातच येतं, आणि १९०८ च्या नोव्हेंबरात अल्बेनियन भाषेच्या लॅटिन वर्णमालेवर परिषद झाली ते मोनास्तीरही. स्कोप्ये १८८८ पासून कोसोव्हो विलायतीचं मुख्य ठाणं होतं, १९१० मध्ये मदर तेरेसा जन्मल्या तेव्हाही. २८ नोव्हेंबर १९१२ ला स्वातंत्र्य जाहीर झालं ते व्लोरा यानिना विलायतीतलं, आणि खुद्द यानिना शहर आज ग्रीसमध्ये आहे!

मात्र चारही विलायती एकाच रंगात भरू नका. तिथे स्लाव्ह, ग्रीक, व्लाख, तुर्कही राहत होते. रंग भरला की मागणीचा नकाशा वस्तीचा नकाशा वाटू लागतो. नुसती बाह्यरेषा पुरे.

उत्तर २
त्यावर १९१३ ची रेषा वेगळ्या शाईने काढा. २९ जुलै १९१३ ला लंडनमधल्या, युरोपातल्या बड्या सत्तांच्या राजदूत परिषदेने अल्बेनियाला मान्यता दिली, पण कोसोव्होचा बहुतेक भाग सर्बियाकडे आणि पश्चिमेचा काही भाग माँटेनेग्रोकडे राहिला. दक्षिणेची सीमा डिसेंबरात फ्लॉरेन्सला ठरली, त्यामुळे जुलैची तारीख सगळ्या सीमेला लावू नका.

उत्तर ३
नावांची सूची करताना जपा. अल्बेनियनमध्ये गावाच्या नावाची दोन रूपं असतात: तिरान आणि तिराना, श्कोदर आणि श्कोद्रा, व्लोर आणि व्लोरा. दोन्ही घेतली तर एकच गाव दोनदा मोजलं जातं. आकारान्त रूप धरा.

उच्चारांत मराठीला मोठी सोय आहे. त्यांच्या 'सी' अक्षराचा उच्चार आपल्या 'चूल'मधला च, आणि खाली शेपूट असलेल्या 'सी'चा 'चार'मधला. 'एक्स' म्हणजे 'जाळं'मधला ज, 'एक्सएच' म्हणजे 'जीव'मधला. 'क्यू' मात्र क नाही, च्यच्या जवळचा आहे. स्वातंत्र्य जाहीर करणारे इस्माइल केमाली म्हणून इंग्रजीवरून उतरवलेले दिसतात, ते चेमाली लिहा.