रविवारची बाझल फेरी: आजी-आजोबांनी म्युन्स्टरचा चढ कसा चढायचा?

चिटणीस:
नमस्कार मंडळी,
रविवारी साडेदहाला मार्क्टप्लाट्झवर, लाल राटहाउससमोर (नगरपालिकेच्या इमारतीसमोर) भेटू. जुन्या गावातल्या, एकेका नामवंताच्या नावाच्या पाचही पायवाटा तिथूनच निघतात. चित्रकार होल्बाइनची दीड तासाची आहे, तेव्हा सगळ्यांनी अर्ध्या तासाची, विद्वान एरास्मसचीच धरावी. पाटीवरचा चेहरा बघत चालायचं, गाइड नाही. दुकानं बंद, डबे आपापले.

ताई, बाझल:
अर्धा तास तुमच्या-आमच्या पायांचा. माझे सासरे आणि इतर तिघांचे आईबाबा आलेत त्याचं काय? मार्क्टप्लाट्झवरून म्युन्स्टरला, म्हणजे गावच्या मुख्य चर्चला, जायचं तर र्‍हाइनश्प्रुंगची गल्ली घ्या नाहीतर म्युन्स्टरबेर्गची, चढ आहेच, आणि खाली दगडी फरशी. ज्येष्ठांनी स्टेशनवरून २ नंबरची ट्राम धरून कुन्स्टम्युझियमला उतरावं. तिथून रिटरगासेने सपाट चालत थेट म्युन्स्टरप्लाट्झ. बाकीचे खालून चढून येतील, वरच भेटू.

काका, विंटरथुर:
मग उतरताना काय? गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त बाधतो, हे माझ्या वडिलांना घेऊन हिंडताना चांगलं कळलंय. शेवटी तासभर बाकावर बसवून ठेवावं लागलं होतं. ज्येष्ठांनी आल्या वाटेनेच परत जावं.

सहल समितीतर्फे:
मार्ग समितीने ठरवलाय. प्रत्येकाने आपली वाट काढली तर डोकी मोजायची कोणी? ल्युसर्नला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय म्युन्स्टरमागच्या फाल्झ या गच्चीवरून खाली उतरून फेरीबोटीने र्‍हाइन नदी ओलांडायची आहे. मुलं त्यासाठीच येतायत.

ताई, बाझल:
त्या फाल्झखालच्या पायऱ्या कोणी पाहून आलंय का? बाबागाडी दोघांनी उचलावी लागते! ज्येष्ठांना फेरी हवीच असेल तर पलीकडच्या क्लाइनबाझलच्या काठावरून बसवू आणि त्याच फेरीने परत आणू. म्युन्स्टर खरं दिसतं ते त्याच बाजूने, लाल दगड, दोन्ही मनोरे, सगळं एका नजरेत.

वहिनी, त्सुग:
फेरीला इंजिन नसतं म्हणे, खरं का? आमचा धाकटा विचारतोय.

काका, विंटरथुर:
खरं आहे वहिनी. नदीवर आडवी तार ताणलेली असते, होडी तिला बांधलेली. नावाडी होडी प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. धाकट्याला पुढे बसवा, तार सरकताना दिसते.

भाऊ, बर्न:
पावसाचा विचार झालाय का? आमच्याकडे सहा किलोमीटर कमानी आहेत, छत्रीशिवाय अख्खं गाव बघून होतं. मी गेल्या वर्षीही हेच सुचवलं होतं.

दादा, बाझल:
भाऊ, बर्नला जाऊच, पण या खेपेला एरास्मसच्या वाटेने जाऊन त्याच्या समाधीशी कोणी थांबलंच नाही असं होऊ देऊ नका. फ्रोबेनच्या छापखान्यापायी तो या गावात आला, त्याचा ग्रीक नवा करार १५१६ मध्ये इथेच छापला गेला. १५३६ मध्ये तो इथेच वारला. स्वतः कॅथलिक, पण तोवर प्रोटेस्टंट झालेल्या गावाने त्याला आपल्या मुख्य चर्चमध्ये जागा दिली. आत लाल संगमरवराचा उंच लेख आहे, लॅटिन अक्षरांनी गच्च भरलेला. मुलांना तिथे पाच मिनिटं तरी उभं करा. मात्र रविवारी सकाळी आत प्रार्थना असते, दारात घोळका करू नका. १३५६ च्या भूकंपात काय काय पडलं ते मी बाहेर चौकातच सांगेन, तेवढ्यात आतलं आटोपेल.

वहिनी, त्सुग:
दादा, मराठीतून सांगाल ना? आईंना जर्मन पाट्या वाचता येत नाहीत.

दादा, बाझल:
मराठीतूनच.

चिटणीस:
ताईंचा मार्ग समितीला मान्य आहे. ज्येष्ठ ट्रामने, बाकी एरास्मस, भेट म्युन्स्टरप्लाट्झवर साडेअकराला. पायऱ्या ज्यांना झेपतील त्यांनीच फाल्झवरून उतरावं. ट्रामने येणाऱ्यांबरोबर ताई असतील, नावं त्यांना शुक्रवारपर्यंत कळवा. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या आणल्यात तरी चालेल, कारंज्यांचं पाणी पिण्याचं आहे.

सहल समितीतर्फे:
नावांची यादी समितीलाही पाठवावी.